सतरा नंबरचं घर

मरमटोल्यात मोबाइलला रेंज येते ती फक्त टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली, आणि संध्याकाळी त्या झाडाखाली अख्खं गाव बसलेलं असतं. अजय पिंपळशेंडे गुरुजींची सारी गोची या दोन गोष्टींतून झाली.

गुरुजी मूळचे भद्रावतीचे. बायको उर्वशी तिथंच एका खासगी शाळेत शिकवायची. गुरुजींची नोकरी मात्र भामरागडच्याही पलीकडं, पस्तीस घरांच्या या गावात, दोन खोल्यांच्या शाळेत. रोज संध्याकाळी ते टेकडी चढायचे, बुंध्यापाशी रेंजच्या जागी उभे राहायचे आणि बायकोशी बोलायचे. रेंज तोकडी असल्यामुळं ओरडावं लागायचं. गाव ऐकायचं. यात चोरून ऐकण्याचा प्रश्न नव्हता. गाव आधीपासून तिथं बसलेलं असायचं आणि गुरुजी येऊन त्यांच्या मधोमध ओरडायचे.

एकदा त्यांनी बायकोला पोट बिघडल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळा भरली तेव्हा गावचे पाटील कोलूभाऊ आणि त्यांची बायको बुधरीबाई कसल्याशा मुळ्या घेऊन वर्गाच्या दारात उभे होते.

"गुरुजी, रातच्याले किती डाव जा लागलं?" बुधरीबाईनं विचारलं.

"बरं आहे आता, बाई."

"बरं हाय थे समजलं. किती डाव थे सांगा. त्याच्यावर मुळी किती द्याची थे ठरते."

पहिली ते चौथीचा सगळा पट उत्तराची वाट पाहत होता.

पोटाची गोष्ट एक वेळ चालली असती. पण उर्वशीशी रोज ज्या विषयावर बोलायचं होतं तो विषय या झाडाखाली काढणं शक्यच नव्हतं. तो विषय होता बदलीचा.

त्याचं असं झालं होतं, की मरमटोल्याचे आधीचे गुरुजी 'भामरागडवरून खडू घेऊन येतो' असं सांगून गेले ते आलेच नाहीत. त्यामुळं सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभं राहून अजय गुरुजींनी गावाला शब्द दिला होता. "मी पळणारा माणूस नाही. आता पहिलीत असलेली पोरं चौथी पास होईपर्यंत मी इथून हलणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात गावानं बांबू तोडून आणले आणि गुरुजींच्या खोलीमागं त्यांना अंघोळीसाठी ताट्यांची न्हाणी बांधून दिली. गुरुजी त्या न्हाणीत पहिल्यांदा शिरले तेव्हा त्यांना फार मोकळं वाटलं नाही. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज त्यांनी डिसेंबरातच भरला होता.

गुरुजी इतिहासाचे पदवीधर होते आणि गुप्त लिप्या हा त्यांचा जुना नाद होता. एक रोमन सेनापती प्रत्येक अक्षर ठरावीक घरं पुढं सरकवून हुकूम कसे पाठवायचा, ग्रीसमधले सैनिक चामड्याची पट्टी काठीभोवती गुंडाळून तिच्यावर कसं लिहायचे, इटलीतल्या एका वास्तुशिल्पकारानं एकात एक फिरणाऱ्या दोन चकत्यांचं यंत्र कसं केलं, हे ते चौथीच्या पोरांनाही सांगायचे. महायुद्धातलं जर्मनांचं यंत्र कुणाला उकलणार नाही असं होतं. पण ते चालवणारे लोक रोज सकाळी त्याच त्या शब्दांत हवामान कळवायचे आणि त्यामुळंच ते पकडले गेले, हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जर्मनांविषयी कीव यायची.

होळीच्या सुट्टीत भद्रावतीला त्यांनी दोन चकऱ्या तयार केल्या. एक मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची, बायकोसाठी. दुसरी शाळेच्या खिचडीच्या तेलाच्या खोक्याची, स्वतःसाठी. बाहेरच्या चकतीवर क, ख, ग पासून ळ पर्यंतची अक्षरं आणि सगळ्या स्वरांच्या वतीनं एक अ. आतल्या चकतीवर आकडे, एक ते पस्तीस. मधे टाचणी. मात्रा-वेलांट्या गाळायच्या, अक्षरांचे नुसते आकडे फोनवर सांगायचे, उरलेलं बायकोनं समजून घ्यायचं.

"रोज चकरी थोडी फिरवायची असते," गुरुजी म्हणाले. "म्हणजे आज क ला आठ, तर उद्या क ला बारा. तरच ती पक्की."

"रोज?" उर्वशी म्हणाली. "वह्या मी तपासू, स्वयपाक मी करू, अन् वरून चकरी बी फिरवू? एकदाच काय ते लावा."

गुरुजींनी चकरी एकदाच लावली. क ला आठ. जर्मनांची कीव त्यांना त्या क्षणी आठवली नाही.

तर सुट्टी संपल्यावर पहिल्याच संध्याकाळी गुरुजी झाडाखाली उभे राहिले, डाव्या हातात चकरी धरली आणि 'बदली झाली का' हे त्यांनी बायकोला ओरडून विचारलं.

"तीस, पंचवीस, पस्तीस. सोळा, पस्तीस. आठ."

तंबाखू मळणारे हात थांबले. पलीकडून उर्वशीनं 'नाही' सांगितलं. नीट ऐकू न आल्यामुळं गुरुजींनी तेही मोठ्यानं म्हणून पाहिलं. "सत्तावीस, पाच? सत्तावीस, पाच. बरं."

गुरुजींना वाटलं, गावाला काही कळलं नाही. पण गावाला सगळं कळलं होतं, फक्त दुसरंच. मागच्या उन्हाळ्यात घरकुलाच्या सर्वेची माणसं आली होती. त्यांनी घरांचे फोटो काढले, दर दारावर लाल रंगात नंबर टाकला, 'यादी येईल' म्हणाले आणि गेले. तेव्हापासून मरमटोला यादीची वाट पाहत होता. जनगणना गुरुजी करतात, निवडणूक गुरुजी करतात, कोंबड्या-बकऱ्या गुरुजी मोजतात. आता गुरुजी रोज एक गोल सरकारी यंत्र हातात धरून वरच्या साहेबांना आकडे सांगू लागले होते, आणि एकही आकडा पस्तीसच्या वर जात नव्हता. गावात घरं पस्तीस, शाळा धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोलूभाऊ कोंबडा घेऊन आले. त्यांच्या दारावर पस्तीस नंबर होता.

"हे कशाला, पाटील?"

"असू द्या जी. दोन डाव घेतला तुमी," कोलूभाऊ म्हणाले आणि जास्त न बोलता निघून गेले.

'दोन डाव' म्हणजे दोनदा, पण काय दोनदा घेतलं हे गुरुजींना कळलं नाही. कोंबडा मात्र चांगला होता. मग तीस नंबरातून नदीचे मासे आले. पंचवीस नंबरातून द्रोणभर चारोळी आली. आठ नंबराची बाई रोज सकाळी पाण्याचा हंडा आणून ठेवू लागली. गुरुजींनी उर्वशीला आकड्यांतून कळवलं, की लोक फार माया लावतात, जाताना जड जाईल. आणि त्याच दमात रोजचा प्रश्न विचारला. तीस, पंचवीस, पस्तीस.

काही घरांनी मात्र गुरुजींशी बोलणं सोडलं. तीन नंबर समोरून आला की वाट बदलायचा. चौदा नंबराचा पोरगा शाळेत येईनासा झाला. गुरुजींनी ते उन्हावर ढकललं.

मग एका दुपारी शाळा सुटल्यावर झिंगू आला. गावाच्या टोकाच्या घरात तो आणि त्याची बायको रंभा राहायचे. उंबऱ्यावर बसून त्यानं बराच वेळ पायाचा अंगठा चोळला.

"गुरुजी, माझ्यावर राग हाय काय?"

"नाही बा. कशाबद्दल?"

"मंग माझा नंबर काऊन नाई घेत?"

"कोणता नंबर?"

"सतरा. रोज ऐकून राह्यलो मी. सोळा येते. परवा अठरा बी आला. सोळावर येते अन् सतराची पाळी आली की तुमची गाडी वळते." त्यानं पुन्हा अंगठा चोळला. "रंभा म्हनते, मागं तुमची लाकडं फोडाले मी नाई म्हटलं होतं, थे तुमी मनात ठेवलं. म्या म्हटलं, गुरुजी तसा मानूस नाई. पन मंग काऊन नाई घेत? आमचं छप्पर तं तुमी पाह्यलं. मागच्या पान्यात अर्ध्या घरात आमी होतो, अर्ध्या घरात पानी."

गुरुजींच्या डोक्यात कोंबडा, मासे, चारोळी आणि पाण्याचा हंडा एका ओळीत येऊन उभे राहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"झिंगूभाऊ, ते आकडे घरकुलाचे नाहीत."

"मंग कायचे हाय?"

इथं खरं सांगायचं तर बदली सांगावी लागत होती, आणि बदली सांगायची तर झेंड्याखालचा शब्द आठवावा लागत होता. गुरुजींनी दोन्ही टाळलं.

"ते... सरकारी आहेत."

"थेच तं म्हनून राह्यलो मी," झिंगू म्हणाला.

तो गेल्यावर गुरुजींनी चकरी काढली. सतरासमोर ञ होता. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लटकत होता. क ला कमळ, ख ला खटारा. ञ च्या चौकटीत चित्र नव्हतं. ञ वरून एकही चित्र काढता येत नाही, कारण ञ वरून माणूस एकही शब्द बोलत नाही. झिंगूचं घर नेमकं त्या रिकाम्या चौकटीत येऊन पडलं होतं. गुरुजींनी शंभर वर्षं बायकोशी संसाराच्या गप्पा मारल्या असत्या तरी त्याचा नंबर लागला नसता. ङ चीही तीच गत होती, पण बारा नंबर खुद्द शाळेचाच असल्यानं त्याच्या वतीनं भांडायला कुणी आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गुरुजींनी आपल्या मते एक चांगलं काम केलं. जुन्या काळी संदेशात मुद्दाम बिनअर्थाची अक्षरं घुसडत, शत्रूनं गोंधळावं म्हणून. इथं एका गरीब माणसाला बरं वाटावं म्हणून घुसडली तर काय बिघडतं? नेहमीचे आकडे झाल्यावर त्यांनी आवाज चढवला.

"सतरा. सतरा. सतरा."

झाडाखाली झिंगू उभा राहिला. शेजारच्या सोळा नंबरानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

पलीकडं उर्वशी म्हणत होती, "ञ, ञ, ञ? अहो, हे काय बोलून राह्यले तुमी?"

"काही नाही, असंच."

"असंच ञ? ताप आहे का? डोक्यात तं नाई गेला न ताप? तिकडचा मलेरिया..."

"ताप नाही. नंतर सांगतो," गुरुजी म्हणाले, कारण चाळीस माणसं त्यांच्या तोंडाकडं पाहत होती. मग रेंज गेली. त्या दिवशी त्यांना बऱ्याच दिवसांनी स्वस्थ झोप लागली.

जाग आली ती खडखडाटानं. दारात येऊन पाहतात तर गावाच्या टोकाला झिंगू घरावर चढून कवेलू, म्हणजे छपराची कौलं, काढून खाली देत होता. सोळा नंबर ते झेलत होता. अर्धं छप्पर उघडं पडलं होतं, एका बाजूची कुडाची भिंत आडवी झाली होती. गुरुजी तसेच बनियनवर धावले.

"झिंगूभाऊ, थांबा. हे काय करून राह्यले?"

"पाया खोदा लागन न जी. पान्याच्या आंधी झालं पायजे," वरून झिंगू म्हणाला.

"अहो, पण कुणी सांगितलं पाडायला?"

"तुमीच तं सांगितलं. तीन डाव."

रंभा उघड्यावर तीन दगडांची चूल मांडून बसली होती. आजवर तिनं गुरुजींकडं सरळ पाहिलं नव्हतं. आज ती हसली, उठली आणि काळ्या चहाचा पहिला पेला त्यांच्या हातात दिला. गुरुजी तो प्यायले. नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

त्यांनी कोलूभाऊंना गाठलं. "पाटील, उद्या संध्याकाळी सभा बोलवा. मला गावाशी बोलायचं आहे."

"आकडे पक्के झाले काय?"

"उद्या सांगतो."

तो अख्खा दिवस आणि त्यानंतरचा दिवस गुरुजी एकच वाक्य घडवत होते. संध्याकाळपर्यंत ते घडलं. 'सरकारनं यादी रद्द केली.' वाक्यात खोट काढायला जागा नव्हती. सरकारनं काहीतरी रद्द केलं यावर मरमटोल्यात कुणी शंका घेतली नसती. बदलीही झाकली जात होती. त्यात एकच अडचण होती. वाक्य बोलून पाहताना त्यांना आरशात बघवत नव्हतं.

झाडाखाली पस्तीस घरं जमली. तीन नंबर आणि चौदा नंबरही आले होते. झिंगू आणि रंभा पुढं बसले. गुरुजी उठले, घसा साफ केला.

"मंडळी, सांगायला वाईट वाटतं, पण सरकारनं..."

तेवढ्यात खाली जीपचा आवाज झाला. भामरागडवरून तेंदूपत्ता जमा करायच्या फडीवर जाणारी गाडी होती. तिच्यातून एक बाई उतरली आणि पिशवी सावरत टेकडी चढू लागली. गुरुजींनी चाल ओळखली आणि त्यांचं वाक्य तिथंच तुटलं.

उर्वशी वर आली ती घामानं भिजलेली. तिनं कुणाकडं न बघता आधी नवऱ्याच्या कपाळाला हात लावला.

"ताप तं नाई," ती म्हणाली. "मंग ञ ञ ञ काऊन करून राह्यले होते? म्या बस पकडून आली, दोन दिवसांपासून पोटात अन्न नाई. अन् तुमी इथी भाषण देऊन राह्यले?"

"उर्वशी, खोलीवर चल. मग..."

"खोलीवर कायले? आनंदाची गोष्ट आहे, इथीच सांगते." धापा टाकत ती हसली. "काम झालं. कालच आलं. झाली तुमची बदली."



बुधरीबाई उठली. ती उर्वशीजवळ गेली, तिच्या पिशवीतून डोकावणारी पुठ्ठ्याची चकरी तिनं अलगद बाहेर काढली आणि उलटसुलट करून पाहिली. "गुरुजीपाशी बी अशीच हाय. काय होते याच्यानं?"

"अक्षरं निघते, बाई," उर्वशी कौतुकानं म्हणाली. "त्यायनं स्वतः बनवली. कोनता बी आकडा सांगा."

"उर्वशी," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी चकरीकडं हात पुढं केला.

"तीस," बुधरीबाई म्हणाली. सगळ्या गावाला पाठ होतं ते. "पंचवीस. पस्तीस."

उर्वशीनं चकरीवर बोट फिरवलं. "ब. द. ल. बदली."

"रोज थेच होतं काय?"

"रोजच. दुसरं काय विचारतील?"

"अन् सतरा?"

"सतराचं काई नाई होत. ते असंच."

कुणी ओरडलं असतं तर गुरुजींना सोपं गेलं असतं. पंचवीस नंबरानं तीस नंबराकडं पाहिलं. झिंगूनं मागं वळून खाली गावाकडं पाहिलं. तिथून त्याच्या घराचे उघडे वासे दिसत होते. रंभानं पदर तोंडाला लावला.

कोलूभाऊंनी तंबाखू थुंकली आणि शांतपणे म्हणाले, "आंधीचे गुरुजी न सांगता गेले. तुमी तं रोज सांगून राह्यले होते. आमालेच समजलं नाई."

गुरुजी मान खाली घालून उभे होते. त्यांना झेंडा आठवला, न्हाणी आठवली, आणि का कुणास ठाऊक, त्या कोंबड्याचा तुरा आठवला.

"तुमचे कोंबडे, मासे... मी सगळं परत करतो," ते कसंबसं म्हणाले.

"खाल्लेला कोंबडा परत कसा करता जी?" बुधरीबाईनं विचारलं. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कोलूभाऊंनी सगळा प्रकार उर्वशीला पहिल्यापासून सांगितला. झेंड्याखालचा शब्दही सांगितला. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"तुमी शब्द दिला होता?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"हो."

"मले नाई सांगितलं."

"नाही."

ती पिशवी घेऊन रंभाशेजारी जाऊन बसली. दोघींची ओळख नव्हती. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाली, "झिंगूभाऊ, आजपासून तुमी दोघं आमच्या खोलीत राहा. अन् हे घर पहिल्यासारखं उभं होत नाई तोवर आमचे हे इथून हलणार नाई. बदलीचा कागद कुठी पळून नाई जात."

बायकोनं हुकूम भर सभेत, साध्या मराठीत दिला होता. तो उकलायला चकरी लागली नाही.

पुढचे दिवस गुरुजींनी चिखल तुडवला, बांबू वाहिले. सारं गाव आलं, तीन नंबर आणि चौदा नंबरसुद्धा. कुणी एक शब्द लावून बोललं नाही. फक्त गुरुजींच्या हातून कवेलूंचा दुसरा थर फुटला तेव्हा झिंगू छपरावरून म्हणाला, "गुरुजी, तुमी खाली बसा. आकडे मोजा." उर्वशी आणि रंभा भिंत सारवताना इतक्या हसल्या की सारवण सुकून गेलं.

घर झालं. आधीपेक्षा सरळ झालं. जीप आली त्या दिवशी लोकांनी गुरुजींना चारोळी दिली, मध दिला, आणि कोलूभाऊंनी पायांना दोरी बांधलेला एक कोंबडा सीटखाली ठेवला. गुरुजी नको नको म्हणत होते. झिंगूनं मात्र काही आणलं नव्हतं. उलट त्यानं मागितलं.

"थे चकरी द्या मले."

"काय करता तिचं?"

"ठेवतो."

गुरुजींनी चकरी दिली. जीप वळली तेव्हा त्यांनी पाहिलं, झिंगू दारावरच्या लाल सतराच्या शेजारी ती खिळ्यानं ठोकत होता.

पावसाळ्यात भामरागडचा रस्ता तुटला, सरता सरता पुन्हा जुळला. भद्रावतीजवळच्या नव्या शाळेत गुरुजी एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत बसले होते. फोन वाजला. नंबर अनोळखी होता, पण त्यातून ऐकू येणारा गलका ओळखीचा होता. खोकणं कोलूभाऊंचं होतं.

"गुरुजी काय?"

"हो. कोण बोलतंय?"

"सतरा."

गुरुजी खुर्चीतून उठले. खोलीतल्या तीन शिक्षकांनी माना वर केल्या.

"झिंगूभाऊ, बोला."

"ग्रामसेवक आला जी. झाडाखाली बसून आकडे वाचून राह्यला. म्हनते, घरकुलाची यादी आली, सतरा नंबर हाय."

"अरे वा. फार चांगलं झालं."

"चांगलं तं झालं. पन म्या त्याले म्हटलं, थांब बापा, पहिले गुरुजीले विचारू दे. त्याची बदली-गिदली तं चालू नसंल न?"

गुरुजींचे कान पुन्हा तापले. "नाही हो. खरी यादी असेल ती."

"असंल म्हनता, का हाय म्हनता?"

"फोन ठेवू नका." गुरुजींनी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर यादी उघडली. ती उघडायला बराच वेळ लागला. मग भामरागड आलं, मरमटोला आलं, झिंगूचं नाव आलं. गुरुजींनी ते दोनदा वाचलं.

"आहे, झिंगूभाऊ. तुमचंच नाव आहे."

"सतरा म्हनजे सतराच?"

"सतराच."

"मंग पाडू काय घर?"

त्या भिंतीतला चिखल त्यांच्याच पायांनी तुडवलेला होता. 'पाडा' हा शब्द जिभेवर येईना.

"गुरुजी, सिधं बोला जी," मागून बुधरीबाईचा आवाज आला. "सगडे ऐकून राह्यले."

इकडंही तिघं ऐकत होते. फोन घेऊन बाहेर जावं असं गुरुजींच्या मनात येऊन गेलं. मग ते जागेवरच थांबले आणि टेकडीवर ओरडायचे तसे ओरडले.

"पाडा, झिंगूभाऊ. पण मी येतो. मी आल्यावर पहिला कवेलू काढा."

पलीकडं झिंगूनं फोनवर हात ठेवला असावा. दबक्या आवाजात गावाच्या माडिया बोलीतून काहीतरी बोलणं झालं, आणि मग झाडाखालून हसण्याची एक लाटच उठली. ती ओसरायला वेळ लागला.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"काई नाई जी. म्या गावाले सांगितलं, गुरुजी येतो म्हनते."

"मग हसता काऊन?"

"कोलूभाऊ म्हनते, दारावरची चकरी आन. 'येतो' म्हनजे काय, थे पहिले फिरवून पाहू."